तीन नंबरचं रिकामं मशीन

१

देवीलाल गुरुजींच्या खात्यातून सतरा हजार रुपये गेले, आणि तेही एका दमात नाही तर चार वेळा मिळून गेले, हे शनिवारी सकाळी शगुफ्ताच्या नेट कॅफेत उघडकीला आलं तेव्हा उकंडा तिथेच पेपर वाचत बसला होता.

खरं तर तो रोजच तिथे बसायचा. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून रिटायर झालेल्या माणसाला कळंबच्या स्टँडपासून फार लांब जाववत नाही, आणि कॅफे स्टँडच्या अगदी समोर होता. शिवाय तो मोहिउद्दीनच्या पोरीचा, शगुफ्ताचा होता. मोहिउद्दीन त्याचा ड्रायव्हर. दोघांनी बावीस वर्षं एकाच गाडीवर काढलेली, एकाच डब्यातली भाकर खाल्लेली. रिटायरमेंटच्या पैशातून मोहिउद्दीनने पोरीला चार कॉम्प्युटर घेऊन दिले, तेव्हा उद्घाटनाचा नारळही उकंडानेच फोडला होता. उगाच फुकट पेपर वाचतो असं कोणी म्हणू नये, म्हणून गावातली गिऱ्हाइकं तोच ओढून आणायचा. गुरुजींनाही त्यानेच आणलं होतं.

गुरुजी म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. बंजारा तांड्यावरचे पहिले मॅट्रिक, आणि बँकेचा व्यवहार कॉम्प्युटरवर करणारे कळंबातले बहुधा पहिलेच. दर महिन्याला पासवर्ड बदलायचे. तो कुठे लिहून ठेवायचे नाहीत. टाइप करताना हातावर रुमाल टाकायचे, आणि मागून कोणी गेलं तर वर्गात बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघायचे. त्यांच्या मागे रुपीबाई मात्र असायच्याच. नवरा कॉम्प्युटरवर बसला की त्या कधी आत स्टुलावर, कधी बाहेर पायरीवर बसून कापडावर आरसे टाचत बसायच्या.

आज गुरुजी पडद्याला नाक लावून बसले होते, कारण कालपासून त्यांचा चष्मा सापडत नव्हता. त्यांनी शगुफ्ताला बोलावून पडद्यावरचं वाचायला लावलं. तिने वाचलं. मंगळवारी अकरा पंचेचाळीस, अकरा अठ्ठेचाळीस, अकरा पन्नास, अकरा त्रेपन्न. दर वेळी चार हजार दोनशे पन्नास रुपये. पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव वाचताना तिचा आवाज बारीक झाला.

"अमरसिंग," ती म्हणाली.

अमरसिंग गुरुजींचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपासून बापलेकांत बोलणं नव्हतं.

गुरुजी उभे राहिले. मंगळवारी आपण इथे बसलो असतानाच लाइट गेली, सगळे उठून चहाला गेलो, म्हणजे त्या वेळी इथली मशीनं बंद होती, असं त्यांनी फळ्यावर गणित मांडावं तसं मांडलं. मशीनं बंद, तर पैसे बाहेरून गेले. बाहेरून जायचे तर पासवर्ड हवा, आणि दाबलेली अक्षरं चोरून टिपणारा प्रोग्राम असतो असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. आणि शगुफ्ता आणि अमरसिंग दहावीपर्यंत एका वर्गात होते.

"सोमवारी ठाण्यात जातो," ते म्हणाले. "दोघाचंही नाव देतो. पोराचं आन् तुहं."

२

शगुफ्ता रडली नाही. तिने सगळी मशीनं बंद केली, शटर अर्धं ओढलं आणि बापाला बोलावून आणलं. मोहिउद्दीन येऊन बसला. आयुष्यात एकही अपघात न केलेला ड्रायव्हर तो, आणि आता पोरीच्या दुकानावर पोलीस येणार म्हटल्यावर तो पुन्हा पुन्हा शटरबाहेर डोकावत होता. गुरुजींसारख्या माणसाने ठाण्यात नाव दिलं की पुढे खरंखोटं कोण विचारतो. गाळ्याचा मालक तर महिनाभरही थांबला नसता. उकंडाला ते बघवेना. नारळ आपण फोडला, गुरुजींना आपण आणलं, आणि आता ही वेळ.

"सोमवारपर्यंत दोन दिवस हायत," तो म्हणाला. "मले रजिस्टर दाखव."

नेट कॅफेत कोण आलं, किती वाजता, कोणत्या मशीनवर बसलं, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहून सही घ्यावी लागायची, आणि शगुफ्ता ते नेमाने करायची. मंगळवारच्या पानावर एक आणि चार नंबरवर कर्जमाफीच्या यादीत नाव बघायला आलेले दोघे होते. दोन हजार आठचा तो नोव्हेंबर, कापसाला भाव नव्हता आणि यादी बघायला माणसं रांगा लावायची. दोन नंबरवर गुरुजींचा पुतण्या किसनसिंग होता. तीन नंबरवर गुरुजी, अकरा पंधरा ते अकरा चाळीस. चौघांच्याही जाण्याची वेळ एकच, अकरा चाळीस. त्यानंतर तीन नंबरवर थेट साडेबारापर्यंत कोणी नाही.

लाइट गेल्यावर तू कुठे होतीस, असं उकंडाने विचारलं. ती डीपीजवळ वायरमनला विचारायला गेली होती आणि बारापर्यंत तिथेच त्याच्याशी हुज्जत घालत अडकली; दुकानातली लाइट नेमकी कधी आली ते तिला तिथून कळलं नाही. दुकान उघडंच होतं, पण रिकामं. सगळे समोर चहाला गेले होते, टपरीवरून दार दिसत होतं, आणि आत कोणी शिरलं असतं तर दिसलं असतं.

उकंडा टपरीवर गेला. चहावाल्याला मंगळवार चांगला आठवत होता, कारण त्या दिवशी गुरुजींनी पुतण्याच्या चहाचे पैसे दिले होते आणि हे रोज घडत नव्हतं. चौघेही बारा-सव्वाबारापर्यंत तिथेच बाकावर बसून होते. कॅफेत कोणी शिरलेलं त्यानेही पाहिलं नव्हतं.

म्हणजे किसनसिंगला मोटरसायकल हवी होती, हातही सैल होता, पण तो काकाच्या शेजारी बसून चहा पीत होता. शगुफ्ता डीपीजवळ होती, वायरमन साक्षीला होता. तीन नंबरचं मशीन रिकामं होतं, आणि त्यावरून की आणखी कुठून, अमरसिंगला चार वेळा पैसे गेले होते.

उरला एकच माणूस, ज्याला ते मिळाले.

३

अमरसिंगचा नंबर उकंडाला बाहेर शोधावा लागला नाही. तो त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या मोबाइलमध्ये निघाला. नलूला विचारल्यावर ती कबूल झाली. अमरसिंग दर आठवड्याला तिच्या मोबाइलवर आईशी बोलायचा. गुरुजींच्या घरी फोन करायची सोय नव्हती आणि मायलेकरांनी बोलायचं नाही हा कुठला न्याय, असं म्हणून तिने दोन वर्षं हे चालवलं होतं, आणि उकंडाला पत्ता लागू दिला नव्हता. बसमधला विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखणाऱ्याच्या घरात दोन वर्षं हे चाललं होतं. उकंडाला राग यायला हवा होता, पण त्याला हसूच आलं.

भांडण कशावरून झालं हे सगळ्या कळंबाला माहीत होतं. गुरुजींना पोराला मास्तर करायचं होतं. अमरावतीला त्याला कोर्सला घातलं, होस्टेलचे चार हजार दोनशे पन्नास रुपये ते दर महिन्याला याच कॅफेतून पाठवायचे. दीड वर्षानं कळलं की पोरगा तीन महिन्यांपूर्वीच कोर्स सोडून नाशिकला एका हॉटेलात स्वयंपाक शिकतोय, आणि होस्टेलचे पैसे तरीही घेतोय. त्यामुळे आज सकाळी तोच आकडा चारदा पाहिल्यावर गुरुजींना वाटलं, पोरगा तोंडावर हसतोय.

उकंडाने फोन लावला. पलीकडे दवाखान्याचा गलबला होता. अमरसिंगची बायको मोनाली बाळंतपणासाठी ॲडमिट होती, मूल आडवं होतं आणि ऑपरेशन करावं लागणार होतं. उकंडाने पैशांचं नाव काढलं.

"काका, मंगळवारी खातं पाह्यलं तं रडूच आलं मले," तो म्हणाला. "चार खेपा, आन् तोच आकडा. मले वाटलं, बाबानं मांगचं सारं माफ केलं. फोन करायची हिंमत नाही झाली. करीन आन् मोडून जाईन असं वाटलं. बाबानंच पाठवले ना?"

उकंडाला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. बाळाची खबर कळव एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. हा पोरगा खोटं बोलत नव्हता. मग पाठवले कोणी?

४

रविवारी तो स्टँडवर जाऊन बसला. विचार करायला त्याला दुसरी जागा माहीत नव्हती.

त्याला तो आकडाच सलत होता. गुरुजींच्या खात्यात लाखाच्या वर रक्कम होती. चोर आला असता तर त्याने एका झटक्यात खातं धुऊन नेलं असतं, आणि सतराच हजार हवे असते तर सतरा हजार असा आकडा टाकला असता. चार हजार दोनशे पन्नास चार वेळा कोण टाकतं? ज्याला दुसरा आकडा टाकता येत नाही, तोच.

दुसरी गोष्ट चष्म्याची. शुक्रवारी पासबुक भरून आणल्यावर गुरुजींना शिल्लक सतरा हजारांनी कमी दिसली, आणि त्याच दुपारी, नोंदी नीट वाचायच्या आतच, चष्मा गायब झाला. चष्म्यावाचून तक्रार लिहिता येत नव्हती, आणि दुसऱ्याच्या अक्षरातली तक्रार देणं गुरुजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. नवा चष्मा सोमवारी मिळणार होता. म्हणजे पैशांच्या चोराला सोमवारपर्यंत वेळ हवा होता.

तेवढ्यात कंट्रोलरने माइकवरून राळेगाव गाडीची घोषणा केली आणि उकंडाचे कान टवकारले. मंगळवारी त्या वेळी तो स्वतः कॅफेत नव्हता, इथेच फलाटावर होता, आणि अकरा चाळीसची राळेगाव लाइट नसल्यामुळे कंट्रोलरला बाहेर येऊन ओरडून सांगावी लागली होती. आणि त्याच्या मागची अकरा पन्नासची यवतमाळ? ती माइकवर झाली होती. फलाटावर लागताच, पावणेबाराच्याही आधी. लाइट जेमतेम तीन-चार मिनिटंच गेली होती. पण एकदा लाइट गेली की दोन तास येत नाही ही कळंबकरांची सवय, म्हणून चौघेही निवांत चहा पीत बसले. पैसे गेले तेव्हा मशीनं बंद नव्हतीच.

तो तडक मोहिउद्दीनकडे गेला आणि कॅफेतल्या बॅटरीबद्दल विचारलं. उत्तर ऐकून त्याने मित्राच्या पाठीत जोरात एक थाप मारली.

तरी तीन नंबरचं मशीन रिकामंच होतं. रजिस्टर तेच सांगत होतं. उकंडाने ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं, चार नावं, चार सह्या, आणि त्याला चेकिंगचे दिवस आठवले. रस्त्यात चेकर चढला की नवा कंडक्टर घाबरून तिकिटं मोजायला लागतो. उकंडाने पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं की तिकिटं नाही, डोकी मोजायची.

त्याने मंगळवारची डोकी मोजली. आकडा जुळला तसे त्याचे डोळे भरून आले.

५

सोमवारी दहा वाजता गुरुजी नवा चष्मा आणायच्या आधी कॅफेत आले, कारण उकंडाने तसं कळवलं होतं. हातात कोरा फुलस्केप कागद होता. मागून रुपीबाई आल्या आणि नेहमीच्या स्टुलावर बसल्या. शगुफ्ता काउंटरमागे उभी होती, मोहिउद्दीन मेन स्विचजवळ.

गुरुजींना उकंडाने तीन नंबरवर बसवलं आणि खातं उघडायला लावलं. त्यांनी रुमाल टाकून पासवर्ड घातला. खातं उघडलं तशी उकंडाने मान हलवली, मोहिउद्दीनने स्विच ओढला आणि चारही पडदे काळे झाले. गुरुजी सवयीनं खुर्ची मागे सारून उठलेही.

"कायले उठले गुरुजी?" उकंडाने विचारलं.

"बंद झालं ना सारं."

उकंडाने त्यांचा हात धरून टेबलाखालच्या, कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवला. डबा गरम होता आणि घुरघुरत होता. मोहिउद्दीनने खाली मान घालून सांगितलं की बॅटरी लहान पडली, जुने पडदे तिच्यावर ओढले जाईनात, म्हणून त्याने फक्त डबे आणि नेटची पेटी जोडली होती, पोरीचं अर्धवट काम उडू नये एवढ्यासाठी. त्याने स्विच वर केला. पडदा उजळला, आणि गुरुजींचं खातं होतं तसं उघडं समोर आलं.

गुरुजी खाली बसले. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. नवीन नाव घालायला त्यांच्या बँकेत दुसरा पासवर्ड लागायचा, पण यादीतल्या जुन्या नावाला पैसे पाठवायला काहीच विचारत नसत. आणि त्यांच्या यादीत एकच नाव होतं. रागात ते कधी काढलं नव्हतं, की काढवलं नव्हतं, हे त्यांचं त्यांना माहीत.

"म्हंजे पासवर्ड चोरायची गरजच नव्हती," उकंडा म्हणाला. "दार तुम्हीच उघडं टाकून गेलते. शगुफ्तानं काही केलं नाही आन् अमरसिंगनंही नाही. हे ज्यानं केलं त्याचं नाव रजिस्टरात नाही. रजिस्टरात तिकीटवाल्याचंच नाव राह्यते. मंगळवारी इथं तिकिटं चार होती, आन् डोकी..."

इथे तो थांबला. पुढचं आपण बोलायचं नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. रुपीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दोऱ्यांच्या पिशवीतून गुरुजींचा चष्मा काढला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"पाच," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा घातला आणि बायकोकडे पाहिलं.

"तुले वाचता कधी आलं?"

"वाचता नाही येत. पाह्यता येते." त्यांचा आवाज शांत होता. "दीड वरीस तुमच्या मांगं बसून पाह्यलं. आधी डावीकडचं निळं, मंग पोराचं नाव, मंग चार टिचक्या, मंग खालचं हिरवं. टाक्यासारखंच हाय, कुठून कुठं जायचं थे हाताले ठाव राह्यते. मोनालीचं ऑपरेशन होतं. तुमाले सांगतलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं. डब्यातला हिरवा दिवा चालूच दिसत होता, आन् लाइटही आली. एका खेपेचे पुरले नसते, म्हून चारदा घातलं."

मग त्या शगुफ्ताकडे वळल्या. बाळाची खबर आली की स्वतःच सांगणार होते, तोवर कागद लिहून होऊ नये म्हणून चष्मा लपवला, असं त्यांनी सांगितलं. तुझं नाव ठाण्यात जाऊ दिलं नसतं पोरी, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शगुफ्ता काउंटरमागून धावत आली आणि त्यांना बिलगली.

गुरुजी कोऱ्या कागदाकडे बघत होते. छत्तीस वर्षं त्यांनी तांड्यातांड्यावरची पोरं साक्षर केली होती. घरात मात्र कधी पाटी काढली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट लिहिलं होतं की उकंडाने नजर वळवली.

तेवढ्यात नलू फोन हातात धरून रस्ता ओलांडत आली. तिला दम लागला होता. तिने काही न सांगता मोबाइल गुरुजींच्याच कानाला लावला. पलीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

"बाबा, तुमी पाठवलेले पैसे..." अमरसिंग बोलता बोलता अडला.

गुरुजींना नुसतं हं म्हणता आलं असतं, आणि कोणीही त्यांना खोटं ठरवलं नसतं.

"म्या नाही पाठवले," ते म्हणाले. "तुह्या याडीनं, तुह्या मायनं पाठवले. म्या फक्त लाइट गेली म्हून उठून गेलतो." मग त्यांनी विचारलं, "अजून किती लागते तिथं?"

फोन रुपीबाईंच्या हाती गेला आणि त्या आपल्या बोलीत लेकाशी भरभर बोलायला लागल्या. गुरुजींनी तक्रारीच्या कागदावर ठळक, फळ्यावरच्या अक्षरात लिहायला घेतलं. 'पडदा काळा झाला तरी खाते उघडे असते. खात्यातून बाहेर पडल्याशिवाय खुर्ची सोडू नये.' खाली स्वतःची सही केली, आणि कागद शगुफ्तापुढे धरून म्हणाले, "भिंतीले लाव. मले माफ कर, बेटी." शगुफ्ताने कागद दोन्ही हातांनी घेतला. मोहिउद्दीन चिकटवायला डिंक शोधू लागला, आणि समोरच असलेली बाटली त्याला बराच वेळ दिसेना.

गुरुजी पुन्हा तीन नंबरकडे वळले. निळं, नाव, आकडा, हिरवं. या वेळी आकडा मोठा होता. पैसे गेल्याची ओळ आली तशी त्यांनी डोळे पुसले, खिशात रुमाल कोंबला आणि घाईने उठले. नाशिकच्या गाडीची वेळ विचारायची होती.

"थांबा," रुपीबाई म्हणाल्या. फोन कानाला तसाच होता. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांनी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं बारीक लाल अक्षर दाखवलं. "आधी थे दाबा. इतक्या दिसात तुमी थे एकडावही दाबलं नाही."

गुरुजींनी चष्मा नीट केला, खाली बसले आणि बायकोने दाखवलेलं बटण दाबलं.